जन्माआधीची दहा वर्षं

मंदाकिनी लोखंडे सत्तरीच्या झाल्या आणि सरकारी स्मृतिविमा उतरवायला मुलगा उन्मेष याच्याबरोबर सांगलीच्या आरोग्य केंद्रात आल्या.

"आजी, पर्याय दोनच," खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली. "एक तर मागची दहा वर्षं, नाहीतर आयुष्यातली तुमच्या पसंतीची कुठलीही दहा. तेवढ्याच आठवणींची नक्कल आम्ही ठेवतो. पुढे विसरायचा आजार झालाच, तर ती परत डोक्यात भरतो. बाकीचं गेलं तर गेलं."

"दुसरा पर्याय," उन्मेष म्हणाला. तो घरूनच ठरवून आला होता. "माझ्या जन्मापासूनची दहा."

"जन्माआधीची," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

उन्मेष बघतच राहिला. "तेव्हाचं काय आहे, आई?"

"खो-खो. मी जिल्ह्याची कप्तान होते. मी पळायला उतरले की माणसं झाडांवर चढून बघायची. सासरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

"पण मग तू मला ओळखणार नाहीस!"

"तू असशीलच की. रोज सकाळी सांग, मी तुझा मुलगा म्हणून. मी विश्वास ठेवीन." त्यांनी पदर खोचला. "पण मी कोण होते, ते मला कोण सांगणार? तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

उन्मेष खिडकीकडे वळला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माहेरचं नाव लिहा, मॅडम. कप्तान मंदाकिनी घोरपडे."