धरलेली जागा

विमानात सगळ्यांच्या आधी शिरले ते आमचे हे. पण बिझनेस क्लासमध्ये ढकलाढकली नव्हतीच. खिडकीची सीट माझ्या नावाने ठेवलेली होती, बटण दाबलं की तिची झोपायला गादीही होत होती. "झालं? एवढंच?" म्हणून हे शेजारच्या सीटवर बसले.

लेकीने हौसेने न्यूझीलंडच्या सहलीची तिकिटं काढलेली, आणि यांचा चेहरा उतरलेला. मग माझ्या लक्षात आलं. कणकवलीच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आत हे तिच्याबरोबर धावायचे, खिडकीतून रुमाल टाकायचे आणि घामाघूम होऊन मला म्हणायचे, "ये, बस. खिडकी धरून ठेवलीय." चाळीस वर्षांत मी एकदाही उभ्याने माहेरी गेले नाही.

विमान समुद्रावर आल्यावर मी उठले.

"कुठे निघालीस?"

"तोंड धुऊन येते. तेवढा रुमाल टाका ना माझ्या जागेवर. कुणी बसलं म्हणजे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून चौकटीचा रुमाल काढला.

परत आले, तर हे रुमालावर हात ठेवून ताठ बसलेले, खाण्याचा ट्रे घेऊन आलेल्या हवाईसुंदरीकडे डोळे वटारून बघत.

"ये, बस," म्हणाले. "खिडकी धरून ठेवलीय."