पुढचा विद्यार्थी

"पुढचा ये," ज्योत्स्नानं हाक दिली आणि आत आला तो तिचा धाकटा भाऊ.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या कॉलेजात ती आठवडाभर मुलांच्या मुलाखती घेत होती. तिच्या पीएच.डी.चा विषयच तो: कॉलेजातली मुलं, त्यांची व्यसनं आणि तब्येत. नाव विचारायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, या बोलीवर मुलं मोकळी होत होती.

"संघदीप, घरच्या मानसाले घेता येत नाही मले. जाय, वर्गात बस."

तो समोरच्या खुर्चीवर बसलाच. "घरी इचारलं असतं काय तू हे? घरी तू मले फक्त मार्क इचारते."

तिनं उठून दार लावलं. एवढे दिवस सराईतपणे विचारलेले प्रश्न आता तिनं कागदावरून वाचायला घेतले.

"काय घेतो?"

"आधी तंबाखूचा खर्रा होता. आता गोळ्या. झोपीच्या."

"किती?"

"आता मोजत नाही."

"सोडून पाह्यलं?"

"पाह्यलं ना, दिवाळीत. बाबाले वाढता वाढता हात असा थरथर कापला, वरण सांडलं ताटाभायेर. तूच ओरडली, ध्यान कुठं आहे म्हणून."

ज्योत्स्नाला आठवलं. ओरडली तर होतीच. शिवाय पुसायचं फडकंही तिनं त्याच्या अंगावर फेकलं होतं.

शेवटचा प्रश्न राहिला होता. तो विचारल्याशिवाय ती कुणालाच सोडत नसे. खाली मान घालून तिनं विचारला, "जगूच नये, असं वाटते काय कधी?"

संघदीप टेबलाचा कोपरा नखानं कुरतडत राहिला. मग म्हणाला, "म्हणून तं आलो, ताई. आज एकटं राह्याचं भेव वाटून राह्यलं."

ती उठली. व्हरांड्यात ताटकळलेल्या मुलांना तिनं घरी पाठवलं आणि भावाचं मनगट धरून तडक बसस्टँड गाठलं. वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर दुपारपर्यंतच बसत. वाशिमच्या गाडीचा मात्र पत्ता नव्हता. गावाकडची गाडी आधी लागली.

"मेडशीची आली," संघदीप उठू लागला. "चाल घरी. उद्या पाहू."

"उद्या नाही."

"ताई, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

मेडशीची गाडी निघून गेली. तिनं मनगट सोडलं नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून रत्नमाला, त्यांची आई.

"आई, आमाले यायले उशीर होईन. संघदीप आहे माह्यासंग."

"बरं झालं बाई. सकाळी तसाच उपाशी उठून गेला पोट्टा." आईचा आवाज शेजारी बसलेल्या संघदीपलाही स्वच्छ ऐकू येत होता. "काही खाल्लं काय त्यानं?"

ज्योत्स्नानं भावाकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"हो," ती म्हणाली. "खाल्लं."