साक्षीदाराची सही

लिफाफा हातात आला तेव्हा जॅनेलनं आधी स्वतःची सही ओळखली. साक्षीदाराच्या रकान्यातली. वर, मतदाराच्या रकान्यात, तिच्या वडिलांची वाकडीतिकडी: एल्रॉय टेश.

टपालानं आलेली मतं मतदानाच्या दिवशीच फोडायची आणि फोडण्याआधी नाव मोठ्यानं वाचायचं, असा नियम. जॅनेल वाचायची, शेजारी बसलेली दुसरी कर्मचारी डार्लीन यादीत नाव शोधून त्यापुढे क्रमांक घालायची. टाउन हॉलमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं.

गव्हर्नर दुसऱ्यांदा उभे होते. चार वर्षं एल्रॉय त्यांच्या नावानं बोटं मोडत आले होते. तरी इस्पितळात मतपत्रिका भरताना त्यांनी ती जेवणाच्या ट्रेआड धरली. "तू साक्षीदार आहेस, हेर नाहीस," लेकीला म्हणाले. त्याला अठरा दिवस झाले. त्यांना जाऊन नऊ.

मतदानाच्या दिवसाआधी वारलेल्याचं मत या राज्यात मोजत नाहीत. पण यादीतलं नाव अजून कुणी खोडलं नव्हतं.

तिनं नाव वाचलं.

डार्लीनचं बोट यादीवर थांबलं. ती दफनाला आली होती. भिंतीकडच्या खुर्चीत गव्हर्नरच्या पक्षाचा निरीक्षक बसला होता, म्हातारा व्हर्नन. त्यानं तर शवपेटीची एक कडी धरली होती. हरकत घ्यायची तर ती त्यानंच.

व्हर्नननं कॉफीचा कप उचलला. "मला हल्ली ऐकू कमी येतं, पोरी. फोड तू. आमच्या माणसाला आणखी एक शिवी, एवढंच."

"दोनशे चौदा देऊ?" डार्लीननं हळूच विचारलं.

नऊ दिवस जॅनेल फोनवर सगळ्यांना 'बाबा गेले' असं सांगत होती. मत नाकारायचं तर लिफाफ्यावर कारण लिहावं लागतं, आणि तिथं 'गेले' चालत नाही. तिनं पेन घेतलं. 'मतदार मयत' असं लिहिलं, तारीख घातली, आणि लिफाफा न फोडता नाकारलेल्या मतांच्या पिशवीत टाकला.

व्हर्नननं कॉफी न पिताच कप खाली ठेवला.

पुढचा लिफाफा त्याच पत्त्यावरून आलेला होता. जॅनेलनं आईचं नाव वाचलं, आधीच्या सगळ्यांसारखंच, स्पष्ट.

"दोनशे चौदा," डार्लीन म्हणाली.