प्रेमाचं माणूस

लुआन मिस्त्रींनी बिअरमध्ये बोट बुडवलं आणि टेबलावर दोन अक्षरं काढली. एक 'प्रेम', दुसरं 'माणूस'. मग तेच ओलं बोट त्यांनी मिसाएकडे रोखलं. टेबलाभोवतीचे कामगार टाळ्या वाजवू लागले.

मिसाएची कानशिलं तापली. चिनी बोली तिला कळत नव्हती, पण ही अक्षरं जपानीतही तीच होती. आईजिन. म्हणजे ठेवलेली बाई.

नवऱ्याच्या निरोपाच्या जेवणाला ती जपानमधल्या कोबेहून चीनमध्ये दालियनला आली होती. तेरुहिको इथल्या कारखान्यात बरीच वर्षं यंत्रं बसवत होता; उद्या तो कायमचा घरी परतणार होता. आणि इथे तिलाच ठेवलेली बाई म्हणत होते. मग बायको कोण?

तिची नजर दुभाषी उनहीवर गेली. उनही इथेच जन्मलेली कोरियन. सुट्टीला आला की तेरुहिको ऊठसूट तिचं नाव घ्यायचा. मघाशी उनहीने त्याच्या वाटीत न विचारता व्हिनेगर ओतलं होतं. कोबेत तो व्हिनेगरला शिवत नसे. तेव्हापासून मिसाए तिच्यावरच नजर ठेवून होती.

तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे मला म्हणतात. मग तुला काय म्हणतात?"

उनही गोंधळली. मग तोंडावर हात धरून हसली. इथे या शब्दाचा अर्थ लग्नाची बायको, तिने समजावलं. आयरेन. तिच्या आजीच्या कोरियनमध्ये तो एइन होतो. जिच्यावर जीव जडला, ती. "तुमच्याकडेच बिचाऱ्या शब्दाची अब्रू गेली बघा," ती म्हणाली.

मिसाएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन्ही हातांनी बाटली धरून उनहीचा पेला भरला. छातीवरचा दगड उतरला होता. तेरुहिको मात्र हसला नाही. निघू या, पहाटे उठायचंय, असं म्हणत तो खुर्ची मागे सारू लागला.

लुआन मिस्त्री पेला घेऊन उभे राहिले. या माणसाने आपली आयरेन कधी कारखान्यात आणली नाही, म्हणाले, आज कुठे दर्शन झालं. पुन्हा टाळ्या पडल्या. मग ते मिसाएकडे वाकले आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

उनहीने हे मात्र जपानीत सांगितलं नाही. ती तेरुहिकोकडे पाहत राहिली. तो खाली पाहत होता.

"काय म्हणाले?" मिसाएने विचारलं.

"म्हणाले..." उनहीचा आवाज खोल गेला. "वहिनी, पोरीचा खोकला कसा आहे आता? परवा तिच्यासाठीच हा कामावरून लवकर घरी पळाला होता."

मिसाएला मूल नव्हतं.

मिस्त्री वाकूनच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मिसाएने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"त्यांना सांग," ती उनहीला म्हणाली, "तिची आई आहे तिच्याजवळ. आणि बापही आता कुठे जात नाहीये."