चेंडू ज्याच्या हाती

उंद्रीच्या अंगणवाडीत पुष्पांजलीताई रोज पोरांना गोल बसवत. चेंडू ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं. चार महिने झाले, चिमी चेंडू घ्यायची आणि मुकाट्यानं पुढं सरकवायची.

आज तिचा बाप निवृत्ती दारात दिसला अन् ताईंना वाटलं, पोरीचं नाव अंगणवाडीतून काढायला आला असणार! चेंडू त्यांच्या हातातच राहिला.

"ताई, वावराच्या भांडणात दोन वर्षं अबोला होता आमचा. काल चिमीनं मले अन् भावाले समोरासमोर बसवलं. हातात कांदा देला. म्हणे, ज्याच्या हाती त्यानंच बोलाचं. बोललो ना आमी!"

ताईंच्या जिवात जीव आला. त्या काही म्हणणार, तोच निवृत्ती पुन्हा सुरू झाला. मागून चिमी ओरडली, अंगणवाडीत पहिल्यांदाच.

"बाबा, चूप! चेंडू ताईच्या हाती हाये."