मेणाचा थर

"आजी, बरणीला हात नको लावूस!"

अंजनाबाईने हात मागे घेतला. ओट्याच्या कडेला आलेली बरणी आत सरकवायला ती पुढे झाली होती.

"धुतलेत गो हात. लिंबू चोळून."

"तरी वास येतो."

कल्पिता नववीत होती. खाडीपलीकडे बोरीवलीच्या शाळेत तिने अन्नप्रक्रिया हा विषय घेतला होता. या वेळी पेरूची जेली घरी करून न्यायची होती. मागे तिचा टोमॅटो सॉस वर्गात फिरला, तेव्हा हितेश ओरडला होता, "जपून रे, माशाचा काटा लागेल!" सगळा वर्ग हसला. विषय शिकवणाऱ्या सुलक्षणाबाईसुद्धा हसल्या, तोंडावर रुमाल धरून. सॉस कुणी न चाखताच बाटली परत आली.

आता तिला एकच हवं होतं. बाईंनी तिच्या हातचं चाखावं.

तिने गोराईच्या घरातले सुके बोंबील आईला शेजाऱ्यांकडे ठेवायला लावले. पातेलं नवीन आणलं, पळीही नवीन. जन्मभर मासळी विकलेल्या आजीला तिने उंबऱ्याबाहेर बसवलं. आजी तिथूनच मान उंच करून पेरू शिजताना बघत राहिली. जेली बरणीत भरल्यावर कल्पिताने वर वितळलेलं मेण ओतलं. ते पांढरं, घट्ट झालं. मेण फोडल्याशिवाय आत चमचाही जात नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं.

शनिवारी बाईंनी मुलांना बाहेर काढून बरण्या तपासल्या. मग गुण वाचले. कल्पिताला चवीचे पैकीच्या पैकी.

"काय सोनं टाकलंस गं आत?" हितेशने आपली बरणी उघडून दाखवली. मेणाचे तुकडे झाले होते, जेलीत चमच्याचा खड्डा होता. "माझी एवढी खाल्ली बाईंनी, तरी गुण कमीच. बघू तुझी."

"नाही. घरी उघडणार."

होडीत तिने बरणी दप्तरात न ठेवता मांडीवर धरली. आजीला आपण काय काय बोललो, ते तिला सारखं आठवत होतं.

आजी उंबऱ्याबाहेरच बसली होती. तिला आता तशी सवय झाली होती.

"आत ये ना, आजी. पैकीच्या पैकी मिळाले! बाईंनी चाखली, आता तुझा नंबर."

"मना चालंल ना हात लावाला?"

"लाव गं. तूच उघड."

आजीने हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. झाकण फिरवून काढलं आणि आत बघत राहिली.

"कल्पू, ही तं कुनी फोरलीच नाय."

मेण अख्खं होतं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

आजीने बरणी खाली ठेवली आणि आपले हात पदराखाली घेतले. कल्पिताने आपले हात हळूच नाकाशी नेले.