सात दिवसांचा उपास

सरका जरा जवळ, टाळ मांडीवर ठेवा. गोष्ट लहान आहे, पण तुमच्याआमच्याच घरातली आहे.

दिवस गेल्याच्या तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली तशी शुभांगीताईंनी ती उजेडाला धरली. रेघ पुसट नव्हती. माले गावात आरोग्य खात्याची आशा सेविका म्हणून बारा वर्षं दारोदार हिंडताना अशा रेघा त्यांनी कितीतरी पाहिल्या होत्या. कुठे हातावर साखर पडली, कुठे चहा झाला. आज मात्र त्यांनी पट्टी पुन्हा एकदा उजेडात फिरवून पाहिली. एकादशी होती. पहाटेपासून पोटात घोटभर पाण्याखेरीज काही नव्हतं. रक्तदाबाची सकाळची गोळीसुद्धा कागदाच्या पुडीत, पर्समध्ये, तशीच होती.

समोर उंबऱ्याला टेकून जया बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, दोन लेकींची आई. दोन्ही बाळंतपणं पोटावर टाके घालूनच झालेली. दुसऱ्या वेळी रक्त थांबेना. चार बाटल्या चढल्या तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नथूला, बाहेर बोलावून सांगितलं होतं, "तिसरं नको. जिवावर बेतेल." मूल बंद करण्याच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, भाताची मळणी उरकल्यावरची. तोवर दिवस न राहण्याच्या रोजच्या गोळ्या. त्या शुभांगीताईंनीच आपल्या हातानं दिलेल्या.

"दोन हायेत ना, ताई?"

"व्हय."

"पण मागं म्या केली तवा एकच आली व्हती."

"मागं म्हंजे कधी?"

"देवळातला हरिनामाचा सप्ता उठला ना, त्याच्या चौथ्या दिशी."

"अगं येडे, चौथ्या दिवशी पट्टीला काय कळणार? भात पेरला की लगेच लोंबी बघायला जातीस का? पाळी चुकू द्यावी लागते, न्हाईतर तीन आठवडे तरी जाऊ द्यावे लागतात." ताई थबकल्या. "पण तुला तपासायची वेळ का आली? गोळ्या घेतेस ना?"

जया आत गेली आणि देवळीतून पाकीट घेऊन आली. ताईंनी ते उलटंसुलटं केलं. सुरुवातीच्या गोळ्या काढलेल्या, शेवटच्या काढलेल्या. मधल्या सात मात्र जागच्या जागी. सप्त्यात वीणेचा पहारा सोडू नये, तशा ओळीनं बसून राहिलेल्या.

"हे काय गं?"

"सप्ता व्हता की. सातबी दिस माझा उपास व्हता. निस्तं दूध न् केळं. त्यात गोळी कशी चालंल?" मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "तसं सप्त्यात आमी लांबच व्हतो. ह्ये देवळातच निजायचे."

"आणि सप्ता उठल्यावर?"

 "ह्ये घरी निजाया आले. पर आठव्या दिसापास्नं म्या गोळी सुरू केली की."

"एखादी राहिली, तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढची वेळेवर. पण सात? एवढ्या राहिल्या की नव्यानं सुरू केलेल्या गोळीलाबी जोर धरायला सात दिवस लागतात. तोवर निरोध वापरायचा. निदान मला विचारायचं. मी काय लंकेत राहते?"

"मधी थोडं रगत लागलं व्हतं. वाटलं, पाळीच आली. सुटले."

शुभांगीताईंचा आवाज चढला. रागाखाली भीती होती. चार बाटल्या रक्त त्यांनीच तर धावपळ करून आणलं होतं. "रोज एक, एक दिवस चुकवायची न्हाई, हे सांगितलं होतं का न्हाई मी?"

"सांगितलं व्हतं."

"तो नेमच होता ना? मग उपासाचं हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी? सासूनं?"

"न्हाई. त्यांला तर गोळ्यांचं ठावंबी न्हाई."

"कीर्तनात बुवा बोलले काय असं?"

"बुवा कशाला बोलतील?"

"मग कुणी? नाव सांग. आत्ता जाते त्याच्या दारात."

अंगणात वाळत घातलेल्या भातावर कोंबड्या आल्या होत्या. जयानं बसल्या जागेवरून त्यांना हाकललं. नको नको म्हणताना बोलावं लागतं, तशी ती बोलली.

"श्रावणातल्या एकादशीला तुमी हितंच बसला व्हता. चक्कर आली व्हती तुमाला. तुमी पुडीतनं गोळी काढली, म्या तांब्या भरून आणला. तर तुमी म्हणलात, ऱ्हाऊ दे, आज एकादशी. एक दिस गोळी न्हाई घेतली तर विठोबा काय मरू देत न्हाई." ती थांबली. "आन पुडी परत ठेवून दिली. तुमी शिकलेल्या, ताई. मला वाटलं, तशीच रीत आसंल."

 कोंबड्या पुन्हा भातावर आल्या; कुणी हाकललं नाही. मग शुभांगीताईंनी पर्स उघडली. कागदाची पुडी सोडली.

"पाणी आण, जया."

जयानं तांब्या आणला. ताईंनी गोळी तोंडात टाकली आणि तिच्यादेखत गिळली.

"चप्पल घाल. पौडच्या दवाखान्यात जायचंय. लवकर कळलंय, डॉक्टर काहीतरी मार्ग काढतील. पण अंगात रक्त कमी हाय तुझ्या, उद्यावर टाकता यायचं न्हाई. घरच्यांशी मी बोलते. काय सांगायचं ते माझ्या नावावर सांगते."

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे. उपासाच्या दिवशी औषधाची पुडी परत ठेवायला हात गेला, की तांब्या भरून समोर उभ्या राहिलेल्या जयाची आठवण ठेवा. ती आपल्याकडे बघून शिकत असते.